दर्या आणि दऱ्या

रत्नागिरी जिल्ह्याच्या पश्चिमेला दर्या आहे आणि पूर्वेला सह्याद्रीच्या दऱ्या. हे दोन शब्द मोबाइलवर लिहून पाहा. पहिल्यात र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो, म्हणजे रफार होतो. दुसऱ्यात तो खालीच राहतो आणि य च्या आधी वळणदार आडवी रेघ होऊन त्याला चिकटतो. उच्चार वेगळा, अर्थ तर पूर्णच वेगळा. हिंदीला या दुसऱ्या र ची गरज पडत नाही, मराठीचे त्याच्यावाचून चालत नाही. कोकणातल्या माणसाचे तर मुळीच नाही: पावसात भरून वाहणारा पऱ्या, जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत, किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या, वाऱ्याने झडलेला मोहोर. रोजच्या बोलण्यात हा र पावलोपावली भेटतो.

रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या जेटीवरून कोणी मासळीचा भाव व्हॉट्सॲपवर पाठवतो, तेव्हा ही सगळी अक्षरे पलीकडच्या फोनवर नीट उमटतात. ती उमटावीत म्हणून कोणीतरी काम केलेले असते, आणि ते काम अजून चालू आहे. या प्रकरणात त्या कामाविषयी आणि ते करणाऱ्या माणसांविषयी सांगायचे आहे. जगभर वापरली जाणारी, कोणालाही फुकट घेता येणारी, उघड्या स्रोताची सॉफ्टवेअर पॅकेजेस कोण सांभाळते, आणि सांभाळणारा थकला तर काय होते, हा प्रश्न फार मोठा आहे. तो समजून घ्यायला आपल्याच भाषेतले एक अक्षर पुरते.

फोन अक्षरांची चित्रे साठवत नाही, आकडे साठवतो. युनिकोड या जागतिक प्रमाणात देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला एक क्रमांक दिलेला आहे. 'दर्या' म्हणजे फोनच्या लेखी पाच क्रमांकांची रांग: द, र, हलन्ताचे चिन्ह, य आणि काना. 'दऱ्या' या शब्दातही सहसा पाचच क्रमांक, फक्त साध्या र च्या जागी नुक्ता, म्हणजे खाली टिंब, असलेला ऱ. एवढ्या तुटपुंज्या माहितीवरून पडद्यावर योग्य आकृती आणायची, तर मध्ये एका प्रोग्रामला बरेच ठरवावे लागते. हा र वर चढवायचा की खाली ठेवायचा? ऱ्हस्व इकार उच्चारात अक्षराच्या नंतर येतो, पण लिहिताना अक्षराच्या आधी काढायचा. मग 'स्थि'सारख्या जोडाक्षरात तो किती मागे न्यायचा? 'क्ष' अखंड काढायचा की तोडून? या कामाला शेपिंग म्हणतात. ॲण्ड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिबर ऑफिस या सगळ्यांत हे काम एकच पॅकेज करते. त्याचे नाव हार्फबझ.

हार्फबझचा जन्म मोठ्या आराखड्यातून झाला नाही. फॉन्टमधले नियम वाचणारा एक जुना कोड फ्रीटाइप नावाच्या प्रकल्पात होता. लिनक्स या खुल्या संगणकप्रणालीवरच्या पॅंगो आणि क्यूटी या दोन सॉफ्टवेअरांनी त्याची आपापली प्रत काढून घेतली. मग एकच चूक दोन ठिकाणी दोनदा सुधारावी लागू लागली, आणि एका ठिकाणची सुधारणा दुसऱ्या ठिकाणी पोहोचेना. शेवटी दोन्ही बाजूंच्या लोकांनी ठरवले की हा कोड एकत्र सांभाळायचा. पुढे बेहदाद इस्फहबोद यांनी तो जवळजवळ नव्याने लिहिला. ते मूळचे इराणी, नंतर कॅनडात स्थायिक झाले. त्यांच्याबरोबरचे दुसरे मोठे नाव खालिद होस्नी, इजिप्तचे, अरबी अक्षरांचे उत्तम फॉन्ट करणारे. फारसी आणि अरबी लिपीत अक्षरे शेजार पाहून रूप बदलतात, म्हणून ज्यांना त्या लिपी संगणकावर नीट हव्या होत्या, त्यांनाच या प्रश्नाची धार कळली. आपली देवनागरीही त्याच कामात सामावली गेली. रत्नागिरीतल्या ॲण्ड्रॉइड फोनवर उमटणाऱ्या प्रत्येक मराठी अक्षरावर तेहरान आणि कैरोशी नाते असलेल्या माणसांचे श्रम आहेत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

देवनागरीचे नियम कागदावर पूर्णपणे लिहिलेले कुठेच नव्हते. मायक्रोसॉफ्टने काही प्रसिद्ध केले होते, पण खरा व्यवहार त्यांच्या युनिस्क्राइब या बंद प्रोग्रामच्या आत दडलेला होता. म्हणून हार्फबझच्या लेखकाने विकिपीडियातून भारतीय भाषांतल्या शब्दांच्या प्रचंड याद्या काढल्या, प्रत्येक शब्द दोन्ही प्रोग्रामांकडून घडवून घेतला, आणि जिथे फरक पडला तिथे कारण शोधले. एक चूक सुधारली की यादी पुन्हा पहिल्यापासून चालवायची, कारण मराठीसाठी केलेली दुरुस्ती बंगालीत काही बिघडवू शकते. अशा शब्दांची तपासणी आज पॅकेजचाच भाग होऊन बसली आहे. कोणी नवा बदल सुचवला की आधी ती चालते.

आता महाराष्ट्राकडे येऊ. पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना श्रीलिपी आठवत असेल. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक कंपनीचे हे सॉफ्टवेअर मराठी छापखान्यांत, वर्तमानपत्रांत आणि सरकारी कचेऱ्यांत वर्षानुवर्षे चालले. सीडॅक या सरकारी संस्थेची साधनेही होती. मराठी मुद्रण संगणकावर आणण्याचे मोठे काम त्यांनी केले. पण त्या काळच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेली असत, आणि प्रत्येक कंपनीची बसवणूक निराळी. एका कचेरीतले पत्र दुसरीकडे उघडले की पडद्यावर निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसत. मजकूर होता, पण तो वाचण्याची किल्ली एका कंपनीच्या हातात होती.

याच मॉड्युलर इन्फोटेककडून रेड हॅट या लिनक्स कंपनीने भारतीय लिप्यांचे फॉन्ट करून घेतले आणि २००४ मध्ये ते जीपीएल परवान्याखाली खुले केले. नाव ठेवले लोहित. बंद फॉन्टच्या व्यवसायात मुरलेल्या पुण्यातल्याच कंपनीच्या हातून खुले फॉन्ट घडले, हा या कथेतला महत्त्वाचा दुवा आहे. त्याच काळात मुंबईत इंडलिनक्स नावाचा स्वयंसेवकांचा गट लिनक्सचे पडदे हिंदी-मराठीत आणण्यासाठी धडपडत होता. भाषांतर करायचे तर आधी अक्षर दिसायला हवे, आणि तेच नीट दिसत नव्हते. लोहितने ती अडचण बरीच दूर केली.

फॉन्ट खुला करणे हा एका दिवसाचा समारंभ असतो. त्यानंतरची वर्षे सांभाळण्याची, आणि ती कोणाच्या लक्षात राहत नाहीत. लोहितचे काम पुढे पुण्यातल्या रेड हॅटच्या अभियंत्यांनी आणि बाहेरच्या स्वयंसेवकांनी मिळून सांभाळले. त्यात काय काय आले ते पाहण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट परवान्याची. जीपीएल हा प्रोग्रामसाठी लिहिलेला परवाना. फॉन्ट एखाद्या पीडीएफमध्ये गुंतवला तर त्या पीडीएफलाही जीपीएल लागू होतो का, असा प्रश्न त्यातून निघे, आणि त्याचे समाधानकारक उत्तर सोपे नव्हते. २०११ मध्ये लोहित फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली आणले गेले. हा परवाना फॉन्टसाठीच लिहिलेला आहे: वापरा, बदला, वाटा, दस्तऐवजात गुंतवा, फक्त फॉन्ट एकटाच विकू नका. पुढे मुंबईच्या एक टाइप या गटाने मुक्ता आणि बलू हे देखणे फॉन्ट याच परवान्याखाली दिले. आज कितीतरी मराठी संकेतस्थळे आणि लग्नपत्रिका मुक्तामध्ये सजतात. परवाना बदलणे कंटाळवाणे काम आहे: हक्क कोणाचे ते शोधा, संमती घ्या, प्रत्येक फाइलमधली नोंद बदला. ते झाले नसते तर सावध प्रकाशकांनी लोहितला हात लावला नसता.

दुसरी गोष्ट नियमांची. फॉन्टच्या पोटात ओपनटाइप नावाचे नियमांचे तक्ते असतात. कोणते दोन आकार शेजारी आले की कोणता तिसरा आकार काढायचा, हे त्यात लिहिलेले असते. लोहितमधले जुने तक्ते अनेक हातांनी डागडुजी करून गुंतागुंतीचे झाले होते. तेव्हा लोहित-२ नावाने हे तक्ते पहिल्यापासून लिहायला घेतले गेले. आकारांची नावे प्रमाण पद्धतीने ठेवली, नियम वेगळ्या साध्या फाइलींत काढले, म्हणजे दुसऱ्या कोणाला नवा देवनागरी फॉन्ट करायचा असेल तर त्या फाइली उचलता येतील. बाहेरून पाहणाऱ्याला अक्षरांत फारसा फरक दिसला नसेल. पण पुढच्या माणसाला काम हाती घेता येईल, अशी घडी बसली.

तिसरी गोष्ट अगदी साधी, घर बदलण्याची. लोहितचा सगळा कोड फेडोराहोस्टेड या ठिकाणी ठेवलेला होता. २०१७ मध्ये ते ठिकाणच बंद झाले. तिथल्या प्रकल्पांना आपला कोड, जुना इतिहास, लोकांनी नोंदवलेल्या चुका, सगळे घेऊन दुसरीकडे जावे लागले. ज्या प्रकल्पाला जागता मेंटेनर, म्हणजे सांभाळणारा माणूस, होता तो गेला. ज्यांना नव्हता त्यांचे काय होते ते सहज कळण्यासारखे आहे.

रत्नागिरीच्या वाडीवस्तीत पाऊस ओसरल्यावर पऱ्यावर कच्चा किंवा वनराई बंधारा घालतात. पोत्यांत माती-वाळू भरायची, ओळीने रचायची, पाणी अडवायचे, त्यावर उन्हाळ्यापर्यंत भाजी, बागा आणि विहिरी तग धरतात. पुढच्या पावसात तो वाहून जातो आणि दिवाळीच्या सुमाराला पुन्हा घालावा लागतो. गेल्या वर्षी घातला होता, हे यंदा उपयोगाचे नसते. सॉफ्टवेअरचेही तसेच आहे: खालची प्रणाली बदलते, युनिकोडची नवी आवृत्ती येते, नवा फोन येतो, कोणाला नवी पळवाट सापडते, आणि काल नीट चालणारे पॅकेज आज गळू लागते. फरक एवढाच की बंधाऱ्याला कोण आले आणि कोण आले नाही हे वाडीला दिसते. पॅकेजचे पाणी पिणाऱ्या कोट्यवधींना तिथे एकटा माणूस पोती उचलतो आहे हे माहीतच नसते.

असा एकटा माणूस गाठून काय करता येते, हे २०२४ मध्ये जगाने पाहिले. एक्सझेड युटिल्स हे फाइली दाबून लहान करणारे पॅकेज. जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर ते असते, म्हणजे बॅंकांच्या, रेल्वेच्या, सरकारच्या सर्व्हरांवरही. ते अनेक वर्षे फिनलंडचे लासे कॉलिन मोकळ्या वेळात, विनामोबदला सांभाळत होते. २०२१ पासून 'जिया टॅन' या नावाने कोणी तिथे छोट्या-छोट्या दुरुस्त्या पाठवू लागले. दुरुस्त्या चांगल्या होत्या. मग काही अनोळखी नावे तक्रारी करू लागली: काम फार हळू चालले आहे, नवा मेंटेनर नेमा. त्यात एक नाव 'जिगर कुमार' असे भारतीय वळणाचेही होते; या नावांमागे खरी माणसे असल्याचा काही पुरावा पुढे मिळाला नाही. जून २०२२ मध्ये कॉलिन यांनी उघडपणे लिहिले की दीर्घकाळच्या मानसिक त्रासामुळे आपल्याला फारसे काम जमत नाही, आणि हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे हेही लक्षात घ्यावे. हळूहळू जिया टॅनला अधिकार मिळाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये निघालेल्या ५.६.० या आवृत्तीत आणि मार्चमधल्या ५.६.१ मध्ये चोरदरवाजा बसवलेला होता. दुरून सर्व्हरमध्ये शिरण्याची ती वाट होती.

तो सापडला तो एका माणसाच्या चिकाटीमुळे. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे आणि मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला असलेले आंद्रेस फ्रॉइंड यांना चाचणीच्या वेळी दिसले की सर्व्हरवर दुरून प्रवेश करायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. त्यांनी ते सोडून दिले नाही. माग काढत ते एक्सझेडपर्यंत पोहोचले आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी ते जाहीर केले. लिनक्सच्या बहुतेक मोठ्या वितरणांच्या पक्क्या आवृत्त्यांत तो कोड अजून पोहोचला नव्हता, म्हणून जग बचावले.

या घटनेवर बोलताना पुष्कळांनी खुल्या स्रोतालाच दोष दिला. मला तो निष्कर्ष पटत नाही. स्रोत उघडा होता म्हणूनच त्या प्रकल्पाशी काही संबंध नसलेला माणूस आत डोकावू शकला. दोष होता तो शेजाऱ्यांचा. एवढ्या संस्था त्या पॅकेजवर उभ्या होत्या, आणि थकलेल्या माणसाला मदतीचा पहिला हात मिळाला तो लबाडाचा.

पैशाची गोष्टही यातच येते. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधली हार्टब्लीड ही चूक उघड झाली. जगातल्या मोठ्या भागाचे व्यवहार गुप्त ठेवणाऱ्या त्या पॅकेजला तोवर वर्षाला जेमतेम २,००० डॉलरच्या देणग्या मिळत होत्या. धक्का बसल्यावर लिनक्स फाउंडेशनने मोठ्या कंपन्यांकडून निधी उभा केला. जर्मनीने २०२२ मध्ये सरकारी पैशातून अशा पायाभूत पॅकेजांसाठी वेगळा निधी काढला. आपल्याकडे केंद्र सरकारचे खुल्या सॉफ्टवेअरच्या वापराचे धोरण २०१५ पासून आहे, पण त्याचा भर वापरण्यावर आहे. बंगळुरूच्या झिरोधा कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये जगभरच्या खुल्या प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंतचा निधी जाहीर केला, हे चांगलेच झाले. महाराष्ट्राचा कितीतरी कारभार आज मराठीत, संगणकावर चालतो. त्या मराठीचे अक्षर ज्या पॅकेजवर उमटते, त्याच्या देखभालीसाठी राज्याच्या अर्थसंकल्पात एक ओळ असावी, असे मला मनापासून वाटते. रक्कम एखाद्या रस्त्याच्या मोरीएवढीही लागणार नाही.

पण काही कामे पैशाने होत नाहीत, त्यांना मराठी माणूसच लागतो. याची दोन उदाहरणे देतो.

'ॲ' हे अक्षर घ्या. ॲड, ॲप, ॲल्युमिनियम असे शब्द आपण रोज लिहितो. युनिकोडमध्ये हे अक्षर २००८ च्या ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधी ते अ ला वर अर्धचंद्राची मात्रा लावून भागवावे लागे, आणि काही फोन त्या जोडणीत मध्येच टिंबांचे वर्तुळ दाखवत. मराठीला हे अक्षर स्वतंत्र हवे, हे कोणीतरी जागतिक समितीपुढे नीट मांडले म्हणून ते मिळाले. ल आणि श यांचेही तसेच. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयात या दोन अक्षरांचे मराठी वळण ठरवून दिले आहे. हिंदीचे वळण वेगळे आहे. फॉन्टमध्ये 'मजकूर मराठी असेल तर हे रूप वापर' अशी नोंद करता येते, पण मजकूर मराठी आहे हे प्रोग्रामला कोणी सांगितलेच नाही तर ती नोंद निरुपयोगी ठरते. संकेतस्थळ बनवणाऱ्याने पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवणे, हे एका शब्दाचे काम आहे. अनेक मराठी पानांवर ते केलेले नसते.

दुसरे उदाहरण अजून सुटलेले नाही, आणि ते आपल्या अर्ध्या, 'दऱ्या'तल्या र चेच आहे. 'चिऱ्यांची' हा शब्द पडद्यावर एकसारखा दिसतो, पण आत तो दोन प्रकारे साठवलेला असू शकतो. एका प्रकारात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त असतो. ही पद्धत भारताच्या जुन्या इस्की प्रमाणातून आलेली. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह असते. ही युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून ठेवलेली. हार्फबझ दोन्हींचे चित्र सारखेच काढते, त्यामुळे वाचणाऱ्याला शंका येत नाही. शोधणाऱ्याची मात्र फसगत होते. गोऱ्हे किंवा कऱ्हाडे हे आडनाव एका यादीत एका प्रकारे भरलेले असेल आणि तुमच्या कीबोर्डने ते दुसऱ्या प्रकारे टंकले, तर साधा शोध 'सापडले नाही' म्हणतो. नाव समोरच्या यादीत असते, माणूस हेलपाटे घालतो.

ही गोष्ट तेहरानच्या किंवा कैरोच्या माणसाला कळण्याचा मार्ग नाही. ती त्याला दिसतच नाही. ती कळते ती यादीत आपले नाव शोधणाऱ्याला, तलाठी कार्यालयातल्या संगणकापुढे बसणाऱ्याला, महाविद्यालयाच्या ग्रंथालयात सूची करणाऱ्याला. रत्नागिरीत अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे, तंत्रनिकेतन आहे. तिथल्या विद्यार्थ्याला अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय हवा असतो. कोणत्या कीबोर्डवरून कोणता प्रकार येतो ते तपासायचे. लिबर ऑफिसमध्ये, फायरफॉक्समध्ये, एखाद्या डेटाबेसमध्ये शोध घेऊन पाहायचा. जिथे चुकतो तिथे शब्द, त्यातले क्रमांक, फॉन्टचे नाव, आवृत्ती आणि पडद्याचे चित्र अशी नोंद त्या प्रकल्पाच्या चुकांच्या यादीत करायची. मग कोणी मेंटेनर विचारील: मराठीत हे दोन्ही प्रकार सगळीकडे समान धरले तर चालेल का, की कुठे अर्थ बदलतो? त्याचे उत्तर शंभर शब्दांची यादी सोबत जोडून द्यायचे. अशी नोंद मान्य झाली की हे शब्द त्या पॅकेजच्या तपासणीत जाऊ शकतात, आणि मग पुढच्या प्रत्येक आवृत्तीआधी ते चालवून पाहिले जातात.